उताणा ससा

धाकटीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पायऱ्यांवर, कुंपणावर, पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते. मधोमध फळीवर एक पांढराशुभ्र ससा उताणा पडला होता, चारी पाय वर, मान लुळी, डोळे सताड उघडे. फुंकरबाबांनी हात जोडून जाहीर केलं, "गेला." मग छाती भरून श्वास घेतला, सशाच्या नाकावर जोरात फुंकर घातली आणि त्याला कुशीवर वळवलं. ससा टुणकन उठला आणि धाकटीच्या मांडीत जाऊन बसला.

टाळ्यांनी अंगण दणाणलं. बाबा घाम पुसत म्हणाले, "जीव जात नसतो, मंडळी. तो वाट चुकतो. मी फक्त त्याला घरचा पत्ता सांगतो." जीव पत्ता विचारायला बाबांकडेच कसा काय येतो, हे विचारायचं भान तिथे कुणाला होतं?

तसे दिवसच वाईट होते. माळावरचे रानससे पटापट मरून पडत होते, कित्येकांच्या नाकातून रक्त आलेलं. मग साथ घरांत शिरली. या गल्लीत घरोघरी लोकरीचे ससे पाळलेले, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडत होत्या की लस टोचून घ्या, एकाच्या सशाला लावलेले हात दुसऱ्याच्या सशाला लावू नका. पण लस टोचलेला ससा मरून उठून दाखवत नाही. मग दवाखान्यात जाणार कोण?

भिंतीपलीकडे, आपल्या अंगणात, धाकटीची थोरली जाऊ स्टुलावर उभी राहून हे सगळं बघत होती आणि जळून कोळसा होत होती. लोकर कशी विंचरायची, पिल्लांना काय घालायचं, हे गल्लीनं आजवर तिला विचारलं होतं. धाकटीला सशाची जात ओळखायला शिकवली तीही तिनंच. आणि आता बघावं तर सासूबाईसुद्धा आपली खुर्ची उचलून धाकटीकडे जाऊन बसलेल्या. "धाकटीच्या हाताला गुण आहे हो," असं चारचौघांत सांगत होत्या. थोरलीनं न राहवून बाबांना आपल्याकडेही बोलावलं होतं, तर ते दारातूनच फिरले. या अंगणात पुण्याई कमी पडते म्हणे! हा घाव ती विसरणं शक्यच नव्हतं.

पण मत्सराचा एक उपयोग झाला. ससा 'जाण्याच्या' वेळी बाबा सगळ्यांना डोळे मिटायला लावत. धाकटीच्या सशासाठी डोळे मिटायला थोरली काही वेडी नव्हती. म्हणून तिला तेवढं दिसलं. बाबा शाल पुढे धरत, सशाला हळूच पाठीवर उताणा करत आणि पोटावरून बोट फिरवत.

घरी तिनं दार लावून घेतलं, आपला करडा ससा घेतला आणि तस्सं केलं. ससा निपचित पडला! थोरलीच्या अंगावर शहारा आला. म्हणजे सिद्धी आपल्यालाही आहे तर! तिनं फुंकर घालून त्याला वळवला, ससा उठला. दुसरा घेतला, तोही पडला, तोही उठला. आता धाकटीला दाखवतेच, असं म्हणत ती बाहेर आली, तर ओट्यावर तिचा नवरा तिसऱ्या सशाची नखं कापत बसला होता. ससा त्याच्या मांडीवर उताणा, चारी पाय वर, अगदी 'गेलेला'. ज्याला घरात कुणी हिंग लावून विचारत नाही, त्या माणसाला सिद्धी असणं काही शक्य नव्हतं. "हे नेहमीच असे पडतात," नवरा म्हणाला, "म्हणून तर नखं कापता येतात."

थोरली तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई ऐकून हसल्या नाहीत. उताणा केलेला ससा भीतीनं गोठतो, असं त्यांनी समजावलं. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर पडतो तसा. बाहेरून मेल्यासारखा दिसतो, आत मात्र घाबरलेला असतो. सरळ केला की उठतो. साथीनं मेलेला ससा मात्र कुणाच्याच फुंकरीनं उठत नाही, कारण विषाणूनं त्याचं यकृत निकामी केलेलं असतं. मग त्यांनी विचारलं, बाबा सशांना आणखी काय करतात? पिसांचा झुपका प्रत्येक सशाच्या तोंडावरून फिरवतात, थोरलीनं सांगितलं, आजाऱ्यांच्याही आणि चांगल्यांच्याही.

"तुमच्या सशांना लावला?"

"नाही. माझी पुण्याई कमी पडली."

"म्हणूनच ते धडधाकट आहेत. तो माणूस घरोघर रोग पोचवतोय. आत्ताच्या आत्ता जाऊबाईंना सांगा. मी सकाळी लस घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली नवऱ्याला आणि करड्या सशाला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या सोबत धाकटीच्या फाटकाशी उभी राहिली. ससा तिनं नवऱ्याच्याच हातात ठेवला होता, आत काही नेला नाही. त्याच वेळी कोपऱ्यावरचा न्हावी आपला खरोखर मेलेला ससा टॉवेलात गुंडाळून घेऊन आला होता. बाबांनी फुंकर घातली. पुन्हा घातली. ससा हलला नाही. बाबांनी नजर फिरवली ती थेट थोरलीवर.

"इथे कुणाचा तरी मत्सर आड येतोय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरली लाल झाली, पण मागे हटली नाही.

"हो, जळते मी धाकटीवर," ती म्हणाली. "पण माझ्या जळण्यानं ससे मरत असते, तर या अंगणात पहिल्याच दिवशी एकही उरला नसता."

लोक हसले. तेवढ्यात तिनं नवऱ्याला खूण केली. त्यानं सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर सशाला उताणा केला, पोटावरून बोट फिरवलं. ससा 'गेला'. सरळ केला, उठला. पुन्हा उताणा, पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याला अडवलं, बिचाऱ्याला घाबरवू नका म्हणाल्या, आणि सगळा प्रकार लोकांना समजावून दिला. त्यांचं बोलणं संपेपर्यंत बाबा शाल तिथेच टाकून पसार झाले होते.

घरोघरी लस टोचली गेली. पण लसीचा गुण यायला काही दिवस लागतात. दोन दिवसांनी धाकटीचा पांढरा ससा तिच्या मांडीवरच मेला. या वेळी त्याच्या नाकातून रक्त आलं होतं.

थोरली समाचाराला गेली. धाकटीनं रडता रडता विचारलं, "ताई, तुम्हाला हे कधी कळलं होतं?"

खोटं सांगता आलं असतं. पण थोरली म्हणाली, "बाबा पळाले त्याच्या आदल्या दुपारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लगेच सांगा. मी म्हटलं, होऊ दे जरा हिची फजिती."

त्या दुपारनंतरच्या संध्याकाळीच बाबांनी न्हाव्याच्या आजारी सशाच्या तोंडावरून फिरवलेला झुपका पांढऱ्याच्या तोंडावरून फिरवला होता. थोरलीनं स्टुलावरून ते पाहिलं होतं. धाकटीलाही तो झुपका आठवला. ती उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तेव्हा वाचकहो, फुंकरीनं विषाणू मरत नाही. लस वेळेवर टोचा, हात धुवा, आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं तर ते मुद्दाम उघडे ठेवा. आणि उघड्या डोळ्यांना जे दिसलं ते उद्यावर ढकलू नका. ज्याच्यावर जळता, त्याला तर सगळ्यात आधी जाऊन सांगा.