यादीतलं एकशे बारावं नाव

खाणावळवाल्या बयाबाईनं भाकरीची दुरडी डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवली.

"घ्या! सकाळपास्नं चाळीस थापल्या. एकबी पोरगं जेवलं न्हाई. 'मावशी, महारोग्यांच्या यादीत एकशे बारावं नाव तुमचं हाय, आमच्या क्लासातल्या कॉम्प्युटरवर बघिटलं,' असं एकजण तोंडावर बोललं. मी बरी झालीया म्हून तुमीच लिवून दिलंसा न्हवं? मग भाईर कुणी सांगिटलं?"

कुष्ठरोग्यांवर उपचार करणाऱ्या त्या छोट्या संस्थेत माणसं चारच. डॉक्टर इनामदारांची नजर जोतीरामवर गेली. सायकलवरून घरोघर गोळ्या पोचवणारा तोच.

"आईची आन, सायेब! गोळ्या मी भाजीच्या पिशवीतनं न्यायचो. बायकूलाबी कधी कुणाचं नाव सांगिटलं न्हाई."

"मग यादी काय पायानं चालत गेली? किल्ल्या ठेव इथं. उद्यापासून येऊ नकोस."

कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसलेल्या चंदना मगदूमनं टायपिंग थांबवलं.

अकरा वर्षं ती इथं टायपिंग करत होती. अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला, तेव्हा पुस्तक वाचून तो तिनंच शिकून घेतला. तीनशे रोग्यांची नावं, पत्ते, कोणाला कुठं चट्टा, सगळं एका काळ्या, पातळ फ्लॉपीत बसवलं. मागच्या आठवड्यात प्रिंटर बंद पडला आणि त्याच फ्लॉपीतला अहवाल तर पुण्याला जायचा होता. कुणाला न विचारता तिनं फ्लॉपी पर्समध्ये घातली आणि राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नेली. तिथं वीज गेलेली. "ठेवून जा, दुपारपर्यंत छापून ठेवतो," मास्तर म्हणाले. ती ठेवून आली. अहवाल वेळेत गेला म्हणून डॉक्टरांनी तिचं कौतुकही केलं होतं.

आत्ता ती तशीच उठली आणि रिक्षा करून क्लासमध्ये गेली.

"हां, ती यादी होय?" मास्तर हसले. "पोरांना सरावाला बरी पडली. नावं अक्षरांप्रमाणं लावायला शिकवत होतो."

"पुसून टाका. माझ्यासमोर पुसा."

"इथली पुसतो की. पण पोरांनी आपापल्या फ्लॉपीत भरून नेलीय, मॅडम. कुणाकुणाची आणू?" मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांचं हसू मावळलं. "मी नुसती नावं बघितली. कसली यादी हुती ती?"

तिनं सांगितलं नाही. सांगून आणखी एका तोंडी जाणार होतं.

परत आली तेव्हा बयाबाई निघून गेली होती. डॉक्टरांसमोर उभं राहून चंदनानं सगळं सांगितलं, एका दमात, पदर मुठीत धरून.

"चंदनाबाई, सख्ख्या भावाला सांगत नाहीत ते ही माणसं आपल्याला सांगतात," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही राजीनामा लिहा."

जोतीरामला किल्ल्या परत मिळाल्या. त्या खिशात घालत तो चंदनाकडं वळला. "बाई, मला तरी सांगायचं हुतं," एवढंच पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिवाजी पेठेत गेली. बयाबाईच्या खाणावळीला कुलूप होतं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "स्टँडवर गेलीया. चंदगडला भैन हाय तिची."

चंदगडची गाडी लागलेलीच होती. बयाबाई खिडकीपाशी, मांडीवर तवा आणि भाकरी थापायची काठवट घेऊन बसलेली. चंदना खिडकीखाली उभी राहिली.

"मावशी, माझ्या हातनं झालं. मीच ती फ्लॉपी बाहेर नेली."

बयाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"मग माजं नाव खोड की."

"आमच्यातलं खोडलं, मावशी. बाकीच्या..." चंदनानं खिडकीची कड धरली. "बाकीच्या फ्लॉप्या कुठं कुठं गेल्यात, मलाच ठाऊक नाही."

"वीस वरीस पोरं जेवली माज्या हातचं," बयाबाई म्हणाली. त्यात राग नव्हता, तेच चंदनाला सोसेना.

कंडक्टरनं घंटी मारली. एक तरणी बाई कडेवर लेकरू घेऊन धावत आत चढली. गाडी भरलेली. बयाबाई सरकली, तशी ती तिच्या शेजारी टेकली आणि घाम पुसायला हात मोकळा व्हावा म्हणून म्हणाली, "मावशी, जरा धरा की ह्याला."

बयाबाई क्षणभर थांबली. मग तिनं तवा आणि काठवट पायाशी ठेवली, हात लुगड्याला दोनदा पुसले आणि लेकरू मांडीवर घेतलं. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तिनं खिडकीबाहेर पुन्हा पाहिलं नाही.