ओदुरोमामाचा रेडिएटर

"मामा, अजून जोरात फुंका. बुडबुडे येतात का बघते मी." पोकुआ हौदावर वाकली.

ओदुरोने गाल फुगवून नळीत फुंकर घातली. हौदात बुडवलेला रेडिएटर गप्प पडून होता. एकही बुडबुडा वर आला नाही. त्याने नळी तोंडातून काढली, ओठ पुसले आणि म्हणाला, "ओदुरोने दिलेल्या डागातून हवा जायची नाही, पाणी कुठलं जातंय."

शेजारी इंजिन उतरवत बसलेला बोआडी फिटर हे सगळं बघत होता. "काय रे, कॉम्प्युटरला पाणी पाजतोस होय? उद्या टीव्हीला मक्याची केंकी भरव. माशाबरोबर."

"तू तुझं इंजिन बघ," ओदुरो म्हणाला. एरवी त्याने दोन शब्द जास्त सुनावले असते. आज त्याला धीर नव्हता.

थंड देशांतून येणाऱ्या जुन्या गाड्यांत माणसांना ऊब द्यायला वहीएवढा तांब्याचा रेडिएटर असतो. कुमासीच्या उकाड्यात त्याचं काय करायचं? सुआमेतल्या गॅरेजवाल्यांनी काढून फेकलेले असे रेडिएटर ओदुरोकडे पोतंभर साठले होते. त्यातलाच एक बहिणीच्या मुलीने, पोकुआने, निवडला होता. पोकुआ कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायची. आक्रातल्या एका साबण कंपनीने तिच्याकडे बोलक्या बकरीची सहा मिनिटांची फिल्म मागितली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचली तर पुढे वर्षभर काम. त्यासाठी कॉम्प्युटर तीन दिवस अखंड चालायला हवा होता, आणि तिच्या पत्र्याच्या खोलीत तो अर्ध्या तासात तापून बंद पडत होता. पंखे लावून झाले होते. आता पाणी खेळवणं एवढाच उपाय राहिला होता.

"आणि नाही झालं तर?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तर सोमवारी गाडी आहे, अगादेझकडची. तिथून वाळवंट ओलांडून समुद्रापार. बोलून ठेवलंय मी."

तिचा भाऊ बादू चार वर्षांपूर्वी त्याच वाटेने गेला. जाण्याआधी तो याच दुकानात येऊन म्हणाला होता, "मामा, मला तुमचं काम शिकवा." त्यांच्यात भाच्यांचं बरंवाईट मामाने बघायचं असतं. पण ओदुरो त्या दिवशी वैतागलेला होता. "काय शिकवू? तांब्याचे रेडिएटर गेले, ॲल्युमिनियमचे आले. फुटला की फेकतात. इथे काही राहिलं नाही, बाबा." पोरगा निघून गेला. पुढे त्याच्या सोबतच्या एकाचा फोन आला. वाळवंटात ट्रकचा रेडिएटर फुटला, ड्रायव्हरने सगळ्यांचं प्यायचं पाणी त्यात ओतलं, आणि तेही गळून गेलं. बादू तहानेने तिथेच गेला. तो कसा गेला हे ओदुरोने बहिणीला सांगितलं नाही. रेडिएटर फुटला हे त्याला कुणालाच सांगवलं नाही.

"मामा, आता हा आतून पाच-सहा वेळा धुवा," पोकुआ म्हणाली. "गरम पाण्याने, सोडा घालून. प्रोसेसरवर बसतो ना, त्या ठोकळ्यात केसाएवढ्या खाचा आहेत."

"चाळीस वर्षं रेडिएटर करतोय, पोरी. मला धुवायला शिकवतेस?"

त्याने एकदा पाणी घातलं, खळखळवलं आणि ओतून दिलं. शिशाचा डाग धरावा म्हणून तेजाब लावतात, ते थोडंफार आत राहतंच. गाडीला त्याने काही होत नाही. गाडीत वाटा ऐसपैस असतात.

मंगळवारी सकाळी दोघांनी मिळून जोडणी केली. पंप, ठोकळा, रेडिएटर, पुन्हा पंप. प्रत्येक सांध्याखाली पोकुआने टिपकागद ठेवला. तास झाला तरी कागद कोरडे होते. मग तिने कॉम्प्युटर चालू केला. तापमानाचा आकडा अठ्ठावन्नवर जाऊन थांबला. ओदुरोने नळीवर तळवा ठेवला, पोराचा ताप बघतात तसा.

"कोमट आहे."

"कोमटच पाहिजे, मामा." ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. त्या दिवशी ओदुरो दुकानाकडे फिरकला नाही. बुधवारीही नाही. तो स्टुलावर बसून बकरीचं एकेक चित्र तयार होताना बघत राहिला. गुरुवारी सकाळी यंत्र बंद पडलं.

पोकुआने पुन्हा चालू केलं. चार मिनिटांत आकडा पंच्याण्णववर गेला आणि पडदा काळा झाला. तिसऱ्यांदाही तेच. मग तिने पाणी उपसलं, ठोकळा उघडला आणि मामासमोर धरला. खाचा दिसतच नव्हत्या. सगळीकडे हिरवट चिकट थर बसला होता.

ओदुरोने ओळखला. पुसून, खरवडून आयुष्य गेलं होतं त्याचं.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "तेजाब राहिलं आत. तू सांगितलं होतंस."

पोकुआ ब्रश शोधायला उठली.

त्याने ठोकळा मांडीवर घेतला. सुई, दात घासायचा ब्रश, लिंबाचं पाणी. एकेक खाच तो कोरत गेला. सुई सटकत होती, आणि कधी नव्हे तो देवाचं नाव घेत होता. रेडिएटर त्याने सोड्याने धुतला, पुन्हा धुतला. किती वेळा ते मोजलं नाही. यंत्र चालू व्हायला दुपार टळली. पुन्हा तापू नये म्हणून पोकुआने ते हळू चालवलं, त्यामुळे उरलेल्या चित्रांना अजून दीड दिवस लागणार होता.

शुक्रवारी दुपारी पोकुआने आक्राला फोन केला. "शनिवारी सकाळी देते. नक्की देते." फोन ठेवून म्हणाली, "दुसऱ्याला दिलं."

तरी यंत्र तिने बंद केलं नाही. शनिवारी सकाळी फिल्म पुरी झाली. दोघांनी ती दोनदा पाहिली.

"बकरी छान आहे," ओदुरो म्हणाला.

"हो."

"पोकुआ, जाऊ नकोस. पाया पडतो तुझ्या."

"असं नका बोलू, मामा." तिने त्याचे हात धरले. "मग इथे काय करू, ते सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

चार वर्षांत ओदुरोला या प्रश्नाचं उत्तर सापडलं नव्हतं, ते आता कुठून सापडणार? ती उठून कपडे आवरायला लागली.

रविवारी सुआमेत सगळी दुकानं बंद असतात. ओदुरोचं तेवढं उघडं होतं. त्याने एका जुन्या ट्रकच्या रेडिएटरची वरची तांब्याची टाकी कापली, वळवली, शिशाचा थेंबही न वापरता पितळेने जोडली, वर बूच बसवलं. हौदात बुडवून फुंकर घातली. बुडबुडा आला नाही. तो उठला आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं.

सोमवारी गाडीच्या अड्ड्यावर पोकुआ आधीच आत बसली होती. त्याने खिडकीतून पाण्याने भरलेला तो तांब्याचा डबा पुढे केला, आणि तिने हात लांबवताच मागे घेतला. बूच काढून आधी स्वतः घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. जरा थांबला. मग बूच घट्ट लावून डबा तिच्या हातात दिला.

"ड्रायव्हरने मागितलं तरी देऊ नकोस," तो म्हणाला. "सात वेळा धुतलाय."