अमादिंडाची परीक्षा

बारिग्ये मास्तर दूरच्या किगेझीच्या डोंगरातून मसाकाजवळच्या मिशनच्या शाळेत संगीत शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या काखेत दो-रे-मीचा, म्हणजे साहेबी सरगमचा, एक गुंडाळलेला तक्ता होता. बायबलाखालोखाल त्यांचा भरवसा त्या तक्त्यावर. माणूस सरळ, पण सरळ माणसांची खोड त्यांनाही होती. एकदा नियम केला की केला.

नियम असा, की परीक्षा एकेकाची. "घोळक्यात गाढवंही गाऊन जातात," ते म्हणत.

पुढच्या महिन्यात मुलांच्या दृढीकरणासाठी, म्हणजे त्यांची श्रद्धा पक्की करण्याच्या विधीसाठी, बिशपसाहेब यायचे होते. त्या दिवशीच्या मिस्सेत अर्पणाच्या वेळी शाळेची अमादिंडा वाजायची होती. केळीच्या दोन ओल्या खांबांवर आडव्या टाकलेल्या बारा लाकडी पट्ट्या, आणि समोरासमोर बसून त्या वाजवणाऱ्या दोन मुली. चर्चचे म्हातारे ढोलकरी लुताया यांनी मुलींना शिकवलं होतं, पण ते ईस्टरनंतर वारले. आता कोण वाजवणार हे मास्तर ठरवणार होते, आणि मास्तरांनी जन्मात अमादिंडाला हात लावला नव्हता. हे अर्थात त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सहावीतली गोरेट्टी फणसाखाली बसली, बिनचूक वाजवलं, वीसपैकी अठरा घेऊन उठली. मग पाचवीतली पेर्पेतुआ आली. काठ्या हातात धरून ती नुसतीच बसून राहिली.

"वाजव की."

"हो, मास्तर." पण हात हलेना.

"कुणाची वाट बघतेस? देवदूताची?"

मुलं हसली. पेर्पेतुआनं चार-पाच ठोके मारले, तेही लंगडे. मास्तर म्हणाले, "ऊठ." वहीत शून्य पडलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी नावं वाचली गेली, आणि तिच्या जागी तक्ता घडाघडा वाचणारा ऑगस्तीन आला.

पेर्पेतुआ पाचवीत दुसऱ्यांदा बसली होती. गणितात आनंदीआनंदच होता. सबंध शाळेत तिचं नाव चांगल्या कारणानं निघायचं ते एकाच ठिकाणी, आणि आता तेही गेलं. ती रडली नाही. दहाच्या सुटीत भिंतीकडे तोंड करून आपली पेज पीत बसली. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण नियम तो नियम.

दुपारी गोरेट्टी आली आणि दाराशी रीतीप्रमाणे गुडघे टेकून म्हणाली, "मास्तर, माझंही नाव काढा."

"का गं? अठरा मिळालेत तुला."

"त्यातले निम्मे तिचे आहेत."

"परीक्षेत वाटण्या नसतात, बाई."

"वाजवण्यात असतात. माझ्या दोन ठोक्यांच्या मधे जागा उरते, तिथे ती मारते. मी समोर नसले तर तिनं मारायचं कुठे? तुम्ही तिला भिंत न देताच खिळा ठोकायला सांगितलंत."

"आणि ऑगस्तीन?"

"तो माझ्याच ठोक्यावर मारतो. मग आम्ही दोघं कशाला?"

मास्तर तापले. एवढीशी पोर आणि आपल्याला शिकवते. पण राग उतरल्यावर खरं काय ते बघायला हवं, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. शाळा सुटल्यावर त्यांनी दोघी मुलींना बोलावलं आणि स्वतः गोरेट्टीच्या जागी बसले. गोरेट्टीनं त्यांना तिचे ठोके दाखवले. सोपे होते, अर्ध्या तासात बसले. मग समोरून पेर्पेतुआ शिरली, आणि मास्तरांचे हात तिच्या हातांमागे धावत सुटले. थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फसलं. असं पाच वेळा झालं.

"मास्तर, माझं ऐकू नका," वर्गात कधी तोंड न उघडणारी ती पोर म्हणाली. "तुमचं तुम्ही चालू ठेवा. मी येते."

सहाव्यांदा जमलं. आणि मधूनच एक तिसरीच चाल वर आली, ना त्यांच्या हातातली, ना तिच्या. मास्तरांनी मागे वळून पाहिलं.

"हे कोण वाजवतंय?"

"कुणी नाही," पेर्पेतुआ म्हणाली. "दोघांचे ठोके मिळाले की ते असतंच."

मास्तरांना लाज वाटली, आणि लाजेहूनही मोठा आनंद झाला. त्या नादात त्यांचा ठोका चुकला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर शेजारी उभ्या असताना त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं, "कालची यादी चुकली. मला प्रश्नच विचारता आला नाही, मग पेर्पेतुआ उत्तर काय देणार? तीच वाजवेल." प्रार्थनेच्या ओट्यावरून असं कुणी मास्तर आजवर बोलला नव्हता. सिस्टरांच्या भुवया वर गेल्या. मग मास्तरांनी पेर्पेतुआला पुढे बोलावून विचारलं, "काल मी वाजवलं. वीसपैकी मला किती?"

तिनं बोटांवर मोजलं. "दोन."

पोरं फिसकन हसली.

"दोनच?"

"हातात अजून काही नाही तुमच्या, मास्तर. पण पाचदा चुकलात तरी तुम्हाला कुणी ऊठ म्हटलं नाही, म्हणून सहाव्यांदा आलं. त्याचे दोन."