गिऱ्हाइकाची चौकशी

मी संशयी माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याबद्दल बरंच वाईटसाईट बोललं जातं आणि त्यातलं निम्मं माझ्या बायकोने पसरवलेलं आहे. मी फक्त खात्री करून घेतो. एकतीस वर्षं मी स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. स्क्रू हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्त झालो तेव्हा स्क्रू संपले, नजर मात्र तशीच राहिली. मग घरात हत्यारं घेऊन जो कोणी शिरेल, तो तिच्या तावडीत सापडायचा.

आमच्या बाथरूमच्या दारात वीतभर उंच पायरी आहे. तिच्यावरून उतरताना आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तिथून तिला माझ्या धाकट्या बहिणीकडे नेलं, कारण तिच्या घरात सगळं एका पातळीत आहे. डॉक्टरांनी मला कागदावर लिहूनच दिलं. पायरी काढा, वॉकर आत जाईल इतकं दार रुंद करा, दोन्ही भिंतींना धरायला दांडे बसवा. हे झाल्याशिवाय आईंना घरी न्यायचं नाही.

बहीण आईचं सगळं मनापासून करत होती. पण आंघोळीला ती आत उभी राहायची, दार उघडं ठेवून, आईचा दंड धरून. "सगळं छान आहे रे," आई फोनवर म्हणाली, "पण आंघोळ मला माझी माझी करायची आहे. दाराला कडी लावून." हे ती मला तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली नाही. मग हळूहळू फोनवर ती 'बरंय' आणि 'ठेवते' एवढंच बोलायला लागली. ते मला सहन होईना.

मी कामाला लागलो. पहिला कंत्राटदार आला, त्याच्यासाठी मी बावीस प्रश्न लिहून काढले होते. अठराव्या प्रश्नाला तो म्हणाला, "मोबाइल गाडीत राहिलाय, घेऊन येतो." तो अजून आलेला नाही. दुसऱ्याने आत पाऊलही न टाकता दारातून फोटो काढला आणि चार दिवसांत काम उरकून देतो म्हणाला. मी विचारलं, पाण्याला उतार किती ठेवणार? तो म्हणाला, पाणी काय, आपोआप जातं. मी त्यालाही आपोआप जायला सांगितलं.

"भरवशाचा माणूस मिळणं अवघड झालंय," मी बायकोला म्हणालो.

"तुम्हाला मिळणं अवघड आहे," ती म्हणाली. "लोकांना मिळतात."

मग तिनेच चौकशी केली. तीन घरी विचारलं आणि तिन्हीकडे एकच उत्तर आलं, पेन्सिलवाले. कानामागे कायम पेन्सिल असते म्हणून हे नाव. एका वेळी एकच घर घेतात, सांगितलेल्या दिवशी येतात, सांगितलेल्या दिवशी संपवतात. मीही माझ्या परीने माहिती काढली. त्यांनी पूर्वी केलेल्या दोन बाथरूम परवानगी घेऊन बघून आलो, एकीत बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं तेही पाहिलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं. मी चक्क खूश झालो.

पेन्सिलवाले आले ते काटकुळे, शांत, पन्नाशीचे गृहस्थ. पायरीवर बसून त्यांनी दार मोजलं. फरशीवर गोटी ठेवून ती कुठे घरंगळते ते पाहिलं. भिंतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि बायकोला विचारलं, "आजींची उंची किती? हात कुठवर पोचतो?" हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं.

मग ते बाहेर येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "याआधी घरात कामं कोणी केली?"

मी उत्साहाने सांगायला लागलो. प्लंबरने कसा घोळ घातला, रंगाऱ्याला रंगच कसा दिसत नव्हता, सुताराच्या कामावर कशी नजर ठेवावी लागली.

"तिघांचे नंबर द्या," ते म्हणाले.

"ते कशाला?"

"तुम्ही माझी चौकशी केलीत, ती बादली ओतलीत ते कळलं मला. चांगलं केलंत. आता मी तुमची करतो."

बायको खुर्चीत सावरून बसली. इतकी खूश मी तिला मुलाच्या निकालानंतर पाहिली नव्हती.

"साहेब, मला इथे बारा दिवस राबायचं आहे," पेन्सिलवाले म्हणाले. "तिघांना मी एकच विचारणार. या घरी पुन्हा काम कराल का? एक जरी हो म्हणाला, तरी सोमवारी येतो. नाहीतर दुसरं घर थांबलंय, ते घेतो. मग मी चार महिने मोकळा नाही."

नंबर बायकोनेच लिहून दिले. ते गेले आणि मी घरभर फिरत तणतणलो. हा काय उलटा कारभार? काम देणारा मी, आणि परीक्षा माझी? बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार महिने आई तिकडे राहतील मग." निदान एकाने तरी हो म्हणावं म्हणून मग मीच तिघांना गाठायचं ठरवलं. त्या दिवशी गुरुवार होता.

प्लंबरला फोन लावला. त्याने माझा आवाज ऐकला आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर तोच माणूस जाड आवाज काढून म्हणाला, "ते आता इथे नसतात." कुठे असतात, विचारलं. "लांब," तो म्हणाला.

रंगारी एका दवाखान्याची भिंत रंगवताना सापडला, शिडीवर. त्याच्याकडून मी आमच्या हॉलची भिंत तीनदा करून घेतली होती, कारण सकाळी दिसणारा रंग संध्याकाळी वेगळा दिसायचा. मी खालून सगळी परिस्थिती सांगितली. आईचंही सांगितलं. तो ब्रश थांबवून ऐकत होता.

"आजींचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "त्यांना म्हणावं लवकर बऱ्या व्हा. तुम्ही माणूस प्रामाणिक आहात असंही सांगेन मी पेन्सिलवाल्यांना. पण पुन्हा काम कराल का विचारलं, तर साहेब, खोटं नाही बोलवणार. तुमच्याकडून गेल्यावर वर्षभर मी संध्याकाळी भिंतीकडे बघायचो नाही."

उरला सुतार. त्याच्याकडे जायला माझे पाय उचलत नव्हते, आणि त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्याने आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं केली. शेवटच्या दिवशी माझा टेप सापडेना. नवा होता, पाच मीटरचा. मी त्याला म्हणालो, जाण्याआधी पिशवी दाखव. त्याने हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवीतली एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. रंधा, पटाशी, हातोडी, जेवणाचा डबा. डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवलं. टेप नव्हता. त्याने सगळं परत भरलं आणि निघून गेला. दोन दिवसांनी टेप माझ्याच कोटाच्या खिशात निघाला. आईने पाहिलं. "सुताराला सांगितलंस?" तिने विचारलं. सांगतो म्हणालो. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी विषय विसरल्याचं नाटक इतकं छान वठवलं की काही दिवस मलाच ते खरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी मी त्याच्या कारखान्यात गेलो. पत्र्याची लांबट खोली, लाकडाचा भुसा, कडेला एक स्टूल. तो दाराची चौकट घासत होता. मला बघून त्याने मान हलवली, हात थांबवला नाही. येताना मी भाषण पाठ केलं होतं. त्यात सुरुवातीला गैरसमज, मग परिस्थिती, मग आईची तब्येत, असा व्यवस्थित क्रम होता. तोंड उघडलं आणि क्रमच बिघडला.

"टेप माझ्याच खिशात होता," मी म्हणालो. "दोन दिवसांनी सापडला. तुला येऊन सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून आलो नाही. चुकलो मी."

त्याने रंधा खाली ठेवला. "सापडला ते माहीत होतं मला."

"कसं?"

"आजी आल्या होत्या ना. तिसऱ्याच दिवशी. त्या स्टुलावर बसल्या, दम लागला होता त्यांना. म्हणाल्या, टेप घरातच सापडला, तुझ्यावर आळ राहायला नको म्हणून मी आले. पण मी आले होते हे त्याला कळू देऊ नकोस. तो स्वतः येईल सांगायला. थोडा वेळ लागेल, पण येईल."

मी त्या स्टुलाकडे बघत राहिलो. आमच्या घरापासून हा कारखाना दोन किलोमीटर तरी असेल, आणि शेवटचा रस्ता चढाचा आहे.

"मी पहिले काही महिने वाट पाहिली," सुतार म्हणाला. "मग म्हटलं, आजींचा अंदाज चुकला."

मी पेन्सिलवाल्यांचा विषय काढलाच नाही. काढवेना. तशी वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती की काम अर्धवट टाकून मी निघालो. दारापर्यंत पोचलो तेव्हा तो मागून म्हणाला, "मला काल पेन्सिलवाल्यांचा फोन आला होता. मी नाही म्हणून सांगितलं."

मी मान डोलावली. बरोबरच होतं ते. मीही नापासच केलं असतं.

शनिवार मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बहिणीला फोन करून चार महिन्यांचं सांगायचं होतं, पण नंबर लावायचो आणि ठेवून द्यायचो. बायको त्या दिवशी मला लागेल असा एकही शब्द बोलली नाही, त्यामुळे मी आणखीनच घाबरलो. रविवारी दुपारी बेल वाजली. दारात पेन्सिलवाले.

"सुताराने काल रात्री फोन करून उत्तर बदललं," ते म्हणाले. "आजी त्या घरात राहणार असतील तर जाईन म्हणाला. आणि चौकट तोच करणार, दुसऱ्या कोणाला देऊ नका म्हणाला. उद्यापासून येतो. पण एक अट आहे."

"बोला."

"आठ ते पाच तुम्ही घरात नको."

बायकोने माझ्या आधी हो म्हटलं.

मी चावी दिली. चावी देताना माझी बोटं सुटेनात, त्यांनी ती हळूच ओढून घेतली. मग बारा दिवस मी रोज सकाळी बहिणीकडे जाऊन बसत होतो. पहिल्या दिवशी आईला म्हणालो, "सुताराकडे जाऊन आलो." आई खिडकीबाहेर बघत होती. तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं, माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "बरं झालं. केस वाढलेत तुझे, कापून घे." एवढंच. पण त्या दिवसापासून ती बोलायला लागली. इतकी, की तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, तू जरा उशिरा आलास तरी चालेल."

बाराव्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. दुसऱ्या सकाळी आईला घरी आणलं. पायरी गेली होती. वॉकर आत गेला आणि दोन्ही बाजूंना चार बोटं जागा उरली. आईने उजवा दांडा धरून पाहिला, डावा धरून पाहिला, तिच्या हाताला दोन्ही बरोबर लागले. मी गोटी खिशात घालून आलो होतो, ती बाहेर काढली नाही. आईने टॉवेल खांद्यावर टाकला, मला बाहेर जायची खूण केली आणि दार लावलं. आतून कडी लागली.

मी दाराला कान लावून उभा राहिलो.

"दाराशी आहेस ना?" आतून आवाज आला.

"नाही," मी म्हणालो.

मग ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं. "जा," ती म्हणाली. "लागलं तर हाक मारीन."

मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. पाणी पडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मला भयंकर भीती वाटत होती. बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला आणि घड्याळ भिंतीवरून काढून दुसऱ्या खोलीत नेलं. आईला किती वेळ लागला ते त्यामुळे सांगता येत नाही. पण तेवढ्या वेळात मी एकदाही उठलो नाही. म्हणजे, दोनदा उठलो. दारापर्यंत गेलो नाही.