पाठीवरचे अर्धे नाव

मित्रांनो, परीक्षेला तुम्ही काखेत धरून नेता ना, तसा मी एक जुना पॅड आहे. तपकिरी फळी, वर पोलादी चिमटा आणि चिमट्याला दोरीने बांधलेले पेन. परीक्षा मात्र मी कधी पाहिली नाही. माझे सारे आयुष्य न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये, माउंट रॉस्किलच्या एका लहान दवाखान्याच्या काउंटरवर गेले.

पाइन झाडाचा भुसा शिजवून, दाबून माझी फळी झाली. २००२ साली मी दवाखान्यात आलो. त्याच सुमारास तिथे नाव लावण्याचे फॉर्म आले. एकदा नाव लागले की डॉक्टरची फी अगदी थोडी. ज्या दवाखान्यांत इथली मूळची माओरी, पॅसिफिक बेटांवरची आणि गरीब वस्तीतली माणसे जास्त, त्यांना सरकार आधी मदत देई. आमचा दवाखाना त्यातलाच. म्हणून फॉर्मवर विचारलेले असे, तुम्ही कोणत्या वंशाचे? पुढे चौकटींची रांग. माओरी, सामोअन, टोंगन, इंडियन आणि आणखी काही.

काउंटरवर सिना बसायची. ती सामोअन, थोराड बांध्याची, हसरी. सुरुवातीला ती चेहरा बघून स्वतःच खूण करून टाकायची. एकदा फिजीहून आलेल्या एका बाईने विचारले, "माझा आजाही फिजीत जन्मला. मग मी बेटावरची की इंडियन?" सिनाने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "डार्लिंग, ते तू सांगायचंस." तेव्हापासून ज्याची खूण त्याने करायची असे ठरले.

मला वाचायला कोणी शिकवले नाही. लोक कागदावर लिहीत आणि अक्षरे दाबली जाऊन माझ्या पाठीपर्यंत येत. तशीच ती हळूहळू ओळखीची झाली. उशिरा लिहायला शिकलेला माणूस पेन फार दाबून धरतो, हेही मला तेव्हाच कळले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात शांताबाई आल्या. सोबत मुलगा देवदत्त. जालन्याला तो इंजिनियर होता, इथे खोक्यांच्या कारखान्यात माल उचलायचा. शेजारच्या हिल्सबरो भागात एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहत. शांताबाईंना मधुमेह होता आणि पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. बूट चढत नव्हता म्हणून मुलाच्या जांडल, म्हणजे रबरी चपला, घालून आल्या होत्या. त्यांना या देशात कायम राहण्याची परवानगी होती, त्यामुळे नाव लागायला काहीच अडचण नव्हती.

मृणालिनी नावाची साताऱ्याची नर्स बाहेर आली आणि खाली बसून तिने अंगठा पाहिला.

"आजी, किती दिवस झाले याला?"

"झाले असतील पंधरा-वीस. हळद लावते मी."

"हळद भाजीत घाला. आज नाव लावा, उद्यापासून पट्टी मी बदलते."

"गुणाची गं बाई. परवा ह्यांची तिथी आहे, खीर-वडे करणार आहे. जेवायला ये."

"आम्ही सातारचे. बोलावलं नसतं तरी आले असते."

सिनाने फॉर्म माझ्या चिमट्यात अडकवला. "घाई नको, जागा हीप्स आहे," ती म्हणाली. हीप्स म्हणजे भरपूर.

देवदत्तने नाव, पत्ता लिहिला. चौकटींपाशी त्याचे पेन थांबले. त्याने मान वर केली. समोर एक टोंगन आजोबा पाच नातवंडांना घेऊन बसले होते. शेजारी अनवाणी पायांचा एक माओरी रंगारी पेंगत होता.

"आई, ही त्या लोकांची जागा आहे," तो हळूच म्हणाला.

"कुठल्या लोकांची?"

"बघ ना. मराठी मंडळातल्या कोणी पाहिलं तर? घराजवळ चांगला दवाखाना आहे आपल्या."

"तिथं नवी नावं घेत नाहीत म्हणालास ना?"

"घेतील कधीतरी."

"मी असेपर्यंत घेतील का, ते विचारून ये." शांताबाईंनी मला मांडीवर ओढले. 'इंडियन' कुठले ते मृणालिनीला विचारून खूण केली. मग सही. पंचावन्नाव्या वर्षी त्या साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकल्या होत्या. पेन इतके दाबले की माझी पाठ दुखली. 'शां' झाले.

तेवढ्यात देवदत्त म्हणाला, "आई, पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात नवं काम कशाला?"

पेन थांबले. शांताबाईंनी मुलाकडे पाहिले. त्याच्या चिरा पडलेल्या हातांकडेही पाहिले.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच."

मित्रांनो, आत्ताच तिथीचे जेवण सांगणारी बाई पितृपक्ष विसरेल कशी? मुलाचा चेहरा पडू नये म्हणून ती विसरली.

"आजी, पाय तिथी बघत नाही," मृणालिनी म्हणाली.

"दसऱ्याला येतो," देवदत्तने सांगितले.

सिनाने तो अर्धा फॉर्म माझ्या चिमट्यातच राहू दिला. त्यावर दुसरे कागद येत आणि जात. दसरा गेला. मृणालिनीने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "येतो" असे उत्तर आले. दिवाळीही गेली.

नोव्हेंबर संपताना देवदत्त एकटाच आला. टोपी हातात धरून उभा राहिला.

"तो फॉर्म आहे का अजून? आईचा पाय गुडघ्याखाली कापला. पट्टीला नर्स घरी येईल असं हॉस्पिटलवाले म्हणतात, पण गोळ्या लिहून द्यायला डॉक्टर लागतो. पूर्ण फी परवडत नाही, म्हणून ती गोळ्या अर्ध्याच घेते." मग काउंटरवर वाकून तो म्हणाला, "कुठल्याही चौकटीत घाला. पण घ्या."

सिनाने तो अर्धा फॉर्म वर काढला. त्याच महिन्यात दवाखान्याने नवी नावे घेणे थांबवले होते. दोन डॉक्टर आणि दारापर्यंत माणसे. मृणालिनी आत जाऊन डॉक्टरांशी बोलली, बराच वेळ बोलली. बाहेर आली तेव्हा तिने देवदत्तकडे पाहिले नाही.

"वाट पाहणाऱ्यांच्या यादीत लिहिते," सिना म्हणाली. "सॉरी, लव्ह."

जानेवारीत शांताबाई गेल्या. यादीत त्यांच्या आधी अजून अकरा जण होते. सिनाने फॉर्म चिमट्यातून काढला आणि फाडायच्या कागदांत टाकला.

पुढे फॉर्म कॉम्प्युटरवर आले. आता मी मागच्या खोलीत डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे. माझी कोणी आठवण काढत नाही. माझे काही नाही, पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे नाव जिथे लागत असेल तिथे लावा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे ते बघत थांबू नका. तुम्ही ऐकालच असे मला वाटत नाही. देवदत्त काही वाईट मुलगा नव्हता.

टेबलाचा पाय नेमका 'शां'वर आला आहे. अक्षर अजून पुसलेले नाही, आणि पुढची जागा कोरीच आहे.