मुकं अर्धं मिनिट

ती पोलीस शिपाई. ठाण्यात तिला सगळे चिमणी म्हणत. अंगाने किरकोळ म्हणून. जिभेने मुळीच नाही. आज मात्र व्हिडिओच्या खोलीत साहेबांशेजारी बसताना तिचा जीव टांगणीला लागला होता. सायकली दुरुस्त करणारा म्हातारा कालपासून दवाखान्यात बेशुद्ध होता आणि त्याला कुणी पाडलं, हे तिला जबाबात लिहायचं होतं.

"आधी बघून घे, मग लिही," साहेब मायेने म्हणाले. एवढी माया! यात काहीतरी काळंबेरं होतं.

तरी आशा होती. काल साहेबांच्या छातीवर कॅमेरा होता ना! तिचा ठाण्यातच चार्जिंगला राहिला होता, कारण निघताना साहेबच म्हणाले होते, "माझा आहे की, दोन-दोन कशाला?" पण या कॅमेऱ्याची एक खोड तिला ठाऊक होती. बटण दाबलं की तो त्याआधीचं अर्धं मिनिटही जपून ठेवतो. फक्त मुकं, आवाजाशिवाय. साहेबांनी लाथ घातली आणि मगच बटण दाबलं. म्हणजे लाथ त्यात असणारच. बरा सापडलाय, मेला!

पडदा उजळला. म्हातारा दुकानाच्या दारात हात जोडून काहीतरी विनवत होता. मग कडेने चिमणीचा हात आत आला, काठीसकट. "साहेब, पुरे करा!" असं ओरडत ती मध्ये पडली होती, पण पडद्यावर ओरडणं कुठलं? नुसती उगारलेली काठी. लगेच म्हातारा मागे कोलमडला आणि त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. छातीवरच्या कॅमेऱ्याला साहेबांचा बूट दिसलाच नव्हता.

मग बीप वाजलं, आवाज सुरू झाला आणि पहिलंच वाक्य साहेबांचं होतं, "अगं बाई, काय केलंस हे!"

त्या वेळी तिला वाटलं होतं, माणूस गांगरलाय. गांगरतोय कसला! पक्का मुरलेला.

"लेकीची शाळा चालू आहे ना अजून तुझ्या?" साहेबांनी विचारलं. "रागाच्या भरात होतं असं. लिहून टाक, मी घेतो सांभाळून."

चिमणी ताडकन उठली. खुर्ची मागे कलंडली. तिने साहेबांच्या तोंडासमोर बोट नाचवलं. "लाथ तुम्ही घातलीत! मी अडवत होते तुम्हाला! हात जोडले होते हो त्याने, हात!" बोलता बोलता तिला रडू फुटलं. साहेबांपुढे इतकं मोकळं ती आजवर कधी बोलली नव्हती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अंगठा छातीवरच्या कॅमेऱ्यावर नेऊन त्यांनी बटण दाबलं. बीप वाजलं आणि तांबडा दिवा लागला.

"हं," ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "आता शांत हो, पोरी. बोट खाली घे. आणि सांग, म्हाताऱ्याला का मारलंस?"