प्लास्टिकचं कातडं

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे आणि सत्य बोलण्यासाठी माझा जन्म झाला आहे. हे मी म्हणत नाही, माझ्या मालकाच्या कार्डावर तसं छापलं आहे. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला, जरा मोठ्या अक्षरांत, 'हळद, वाढदिवस, ऑफिस पार्टीसाठी भेटा' असंही छापलं आहे. लोक कार्ड बहुतेक मागच्याच बाजूने वाचतात.

नागपूरजवळच्या एका कारागिराने मला घडवलं. आंब्याच्या लाकडाचं कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं बकरीचं कातडं, एवढंच माझं घराणं. बकरीला सत्यात रस होता का, हे कुणी विचारलं नाही. माझा मालक धम्मदीप मला मांडीवर घेऊन रेल्वेने दिल्लीला आला. त्याची बायको कौसल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला होती आणि लक्ष्मीबाई नगरात तिला क्वार्टर मिळालं होतं. धम्मदीप एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. मी आल्यावर वर्षभरात त्याने ते काम सोडलं. यापुढे स्वतःची गाणी लिहायची आणि स्वतःच गायची, असं त्याने जाहीर केलं.

कौसल्या म्हणाली, "नोकरी माझी, क्वार्टर माझं, सत्य तुझं. वाटणी बरी झाली."

हे तिने रागाने म्हटलं की कौतुकाने, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण पहिल्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत तीच बसली होती.

मित्रांनो, कातड्याच्या डफाची एक खोड असते. हवेतल्या ओलीने तो सैल पडतो आणि भद्द आवाज काढू लागतो. मग त्याला विस्तवावर धरून तापवावं लागतं. दिल्लीच्या थंडीत, धुक्यात मी तिसऱ्या कडव्यापर्यंत कसाबसा टिकायचो. म्हणून धम्मदीपच्या डाव्या हाताला जुन्या वर्तमानपत्रांची छोटी आगटी पेटवलेली असायची. तिसरं कडवं संपलं की तो डावीकडे वळायचा, मला आगटीवर धरायचा आणि तेवढ्या वेळात लोकांशी काहीबाही बोलायचा.

त्या काहीबाहीतूनच त्याचं सर्वांत चांगलं गाणं तयार झालं. गटारात उतरून मेलेल्या माणसांचं ते गाणं होतं. ठेकेदार म्हणतो, 'उतर रे उतर, खाली उतर, दोनच मिनिटांचं काम'. तिसऱ्या कडव्यात माणूस खाली उतरतो. मग मी गप्प. धम्मदीप मला विस्तवावर फिरवत राहायचा आणि मेलेल्यांची नावं घ्यायचा. अकरा नावं. चाल नाही, ठेका नाही. शेवटचं नाव घेऊन होईपर्यंत मी तापून टणक झालेला असायचो. मग एकच थाप पडायची. त्या एका थापेसाठी आपण जन्माला आलो, असं मला वाटायचं. त्या दिवसांत कार्ड छापलेलं नव्हतं.

पहिलं नाव अशोकचं होतं. तो परभणीकडचा, कामासाठी दिल्लीत आलेला. ठेकेदाराच्या कागदावर त्याची नोंद 'एक मजूर' एवढीच झाली. त्याची बायको सुमित्रा दर वर्षी तीन जानेवारीला जयंतीच्या कार्यक्रमाला यायची, मैदानाच्या कडेला उभी राहायची, नाव ऐकायची आणि जायची. बाकीची गाणी तिने कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

मग गाणं मोबाइलवर पसरलं. गुरुग्रामच्या उंच उंच सोसायट्यांमधून बोलावणी येऊ लागली आणि निखिल नावाचा मॅनेजर आमच्या आयुष्यात आला. निखिल वाईट माणूस नाही. तो मुळात वाद्यांचा विचारच करत नाही. क्लब हाऊसमध्ये विस्तव चालत नाही, छताला धुराची घंटा असते, असं त्याने सांगितलं. त्यावर उपायही त्यानेच आणला. माझं कातडं काढून प्लास्टिकचं बसवायचं. ते ना ओलीने सैल पडतं, ना उन्हाने ताणलं जातं. जानेवारी असो वा जुलै, आवाज तोच.

कातडं उतरवलं त्या दिवशी धम्मदीपची मुलगी लुंबिनी शेजारी बसली होती. ती दिल्लीतच वाढलेली. कातडं म्हणजे काय, असं तिने विचारलं. लेदर, असं तिला सांगण्यात आलं. अच्छा, म्हणाली आणि तिने ते गुंडाळून बुटांच्या कपाटात ठेवलं. आजही ते तिथेच आहे. मित्रांनो, मी तुमच्याशी बोलतो आहे तो कड्यातून. वरचा भाग माझा नाही.

आता तापवायचं नव्हतं, म्हणून थांबायचंही नव्हतं. थांबायचं नव्हतं, म्हणून नावांना जागा उरली नाही. नावं गाळावीत असं कुणी ठरवलं नाही. निखिलने फक्त एवढंच म्हटलं, "दादा, शेवटचा पार्ट थोडा हेवी होतो यार. लोक संडेला येतात." धम्मदीप म्हणाला की या एकाच कार्यक्रमापुरतं. त्यानंतर त्याने साधारण साठ कार्यक्रमांत एकाच कार्यक्रमापुरतं म्हटलं.

आणि गाणं धावलं. 'खाली उतर' आलं की लोक नाचता नाचता खाली बसायचे, अगदी उकिडवे, आणि माझी थाप पडली की उसळून उभे राहायचे. हळदीत नवरदेव बसायचा, नवरी बसायची, गुडघे दुखणारे काका निम्मे बसायचे. मी वाजत राहायचो. प्लास्टिकला नाही म्हणता येत नाही. कातडं निदान सैल तरी पडायचं.

जयंतीच्या मैदानावरही आता तेच चाललं. मुलांना नाच हवा होता. कार्यक्रम संपल्यावर सुमित्रा पहिल्यांदाच स्टेजजवळ आली.

"भाऊ, यंदा नाव घेतलं नाही."

"ताई, वेळ कमी होता."

"हो, गर्दी पण किती." ती थोडी थांबली. "पुढचा कार्यक्रम कुठंय?"

धम्मदीपने सव्वीस जानेवारीला गुरुग्रामला, असं सांगितलं. एवढ्या लांब ती येणार नाही, असा त्याचा हिशोब होता. त्या संध्याकाळी घरी तो जेवला नाही. कौसल्याने मला खुंटीवर अडकवलं आणि ती त्याला म्हणाली, "पैशासाठी करतोस तर तसं म्हण. मला चालेल. वेळ नव्हता म्हणू नकोस. तिच्या नवऱ्याला पण दोनच मिनिटं सांगितली होती."

धम्मदीपने दिवा मालवला. खुंटीवर कुणालाच आवाज नसतो.

सव्वीस जानेवारीला दुपारी चार वाजताही धुकं होतं. कार्यक्रम सोसायटीच्या हिरवळीवर होता. पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून जागोजागी कोळशाच्या लोखंडी शेगड्या पेटवल्या होत्या. एक तर थेट स्टेजच्या डाव्या अंगाला होती. आमच्या विस्तवाला बंदी होती, पाहुण्यांच्या नव्हती.

दोनेकशे माणसं जमली होती. मागे छोले-भटुऱ्याच्या काउंटरजवळ सुमित्रा उभी होती. फाटकावर कुठल्या फ्लॅटमध्ये जायचं असं विचारल्यावर तिने 'कलाकारासोबत' असं सांगितलं होतं. धम्मदीपने तिला पाहिलं तेव्हा तिसरं कडवं सुरू होतं. त्याची बोटं माझ्यावर एकदा अडखळली. 'खाली उतर' आलं. दोनशे माणसं हसत खाली बसली आणि थापेची वाट बघू लागली.

थाप पडली नाही. धम्मदीप डावीकडे वळला आणि त्याने मला शेगडीवर धरलं.

प्लास्टिक तापवायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तो विसरला की त्याने मुद्दाम केलं, हे मला विचारू नका. प्लास्टिक येण्याआधी वीस वर्षं त्या कडव्यानंतर तो डावीकडेच वळत होता. प्लास्टिक आधी आक्रसलं, मग त्याला भोक पडलं आणि मग ते कड्यापासून सुटून आत लोंबू लागलं. इतक्या वर्षांत भर कार्यक्रमात पहिल्यांदाच हवा माझ्या आरपार गेली.

"अशोक," धम्मदीप म्हणाला.

मग बाकीची दहा. सावकाश, चालीशिवाय. दोनशे माणसं उकिडवी बसून होती, कारण उठायची खूण मिळाली नव्हती. कुणीतरी खोकलं. एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं, आणि आईने तिला गप्प केलं. सुमित्राने पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. शेवटच्या नावापर्यंत ती उभी राहिली आणि मग फाटकाकडे चालू लागली. धम्मदीपने थाप मारायला हात उचलला, पण खाली मारायला काही उरलं नव्हतं.

निखिलने माइक घेतला. "सॉरी, थोडा टेक्निकल इश्यू है." लोक गुडघे धरत उठले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून विस्तव दाखवा. ते सैल पडलं तर रागावू नका. त्या वेळात काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. आणि त्याचं कातडं बुटांच्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल असते.

माझ्यावर दुसऱ्या दिवशी नवं प्लास्टिक बसलं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मधली ती शांतता सगळ्यांना फार आवडली, असं त्यांनी कळवलं. होळीच्या कार्यक्रमात ती नक्की ठेवावी आणि त्या जागी व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावं घ्यावीत, अशी त्यांची विनंती आहे. धम्मदीपने अजून उत्तर दिलेलं नाही. निखिलने यादी मागवून घेतली आहे.

समितीत अकरा सदस्य आहेत.